जेट स्कीचा हंगाम आणि पावसाळ्यातील साठवण: खाऱ्या पाण्यातले यंत्र कसे सांभाळावे

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर जेट स्कीचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास भरात येतो आणि मे महिन्याच्या अखेरीस संपतो. महाराष्ट्रात त्यानंतर ऑगस्टअखेरपर्यंत समुद्रावरील जलक्रीडा बंद ठेवल्या जातात, गोव्यातही पावसाळ्यात त्या थांबतात, आणि वर्षातील तीन-चार महिने ही यंत्रे किनाऱ्यालगतच्या एखाद्या शेडमध्ये उभी राहतात. यंत्रासोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका मात्र ज्या देशांतील हवामान डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात, तेथे हंगाम उन्हाळ्याचा आणि साठवण हिवाळ्याची असते, त्यामुळे साठवणीच्या प्रकरणातील मोठा भाग इंजिनात राहिलेले पाणी गोठू नये यासाठी खर्ची पडतो. आपल्या किनाऱ्यावर पाणी गोठण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे यंत्र बिघडते ते आत राहून गेलेल्या मिठामुळे, पावसाळ्यातील दमट हवेमुळे आणि टाकीत पडून राहिलेल्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे. ते प्रकरण वाचताना हा फरक लक्षात घेतला, तर काय करायचे आणि कशाकडे दुर्लक्ष केले तरी चालेल, हे आपोआप उलगडत जाते.

त्यासाठी आधी पाणी या यंत्रात कोठून शिरते आणि कोठून बाहेर पडते, हे समजून घेतले पाहिजे, कारण देखभालीतील जवळजवळ प्रत्येक सूचना त्या वाटेशी जोडलेली आहे.

जेट स्कीला बाहेर फिरणारा पंखा नसतो. तळाला एक जाळी असते, तिच्यातून पाणी आत खेचले जाते, नळकांड्यात बसवलेला इंपेलर, म्हणजे पात्यांचे चाक, ते मागे ढकलतो आणि निमुळत्या तोंडातून ते जोराने बाहेर फेकले जाते. बागेतील नळीचे तोंड अंगठ्याने दाबल्यावर पाण्याची धार जशी लांब जाते, तसेच येथे घडते, आणि त्या धारेच्या उलट दिशेने यंत्र पुढे जाते. हँडल वळवले की मागचे तोंड वळते, आणि धार ज्या बाजूला जाईल त्यानुसार दिशा बदलते. यातून निघणारी एक सुरक्षिततेची गोष्ट नवख्या चालकाला कळलेली असायला हवी: इंजिनाचा वेग पूर्ण सोडला की धार थांबते आणि धार थांबली की हँडल वळवूनही यंत्र जवळपास वळत नाही. अडथळा समोर दिसताच थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवणारी कळ, सोडून देण्याची सहज प्रवृत्ती त्यामुळेच घातक ठरते.

पंपातून जाणाऱ्या याच पाण्याचा एक लहान हिस्सा इंजिन थंड ठेवण्यासाठी वळवलेला असतो. यामाहा आणि कावासाकीच्या यंत्रांत हे समुद्राचे पाणी थेट इंजिनाच्या आतील वाटांमधून फिरते. सी-डू या ब्रँडच्या यंत्रांतील रोटॅक्स बनावटीच्या चारस्ट्रोक इंजिनांत आतून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा वेगळा द्रव, फिरतो आणि तो तळाच्या धातूच्या पट्टीतून समुद्राच्या पाण्याने थंड होतो, पण तेथेही एक्झॉस्टचा भाग थंड ठेवण्याचे काम बाहेरचेच पाणी करते. आपल्या यंत्राचे इंजिन बंद पद्धतीने थंड होते, तेव्हा त्याला धुण्याची गरज नाही, असा समज काही मालकांचा असतो. तो चुकीचा आहे, आणि असा समज बाळगणाऱ्यांचे एक्झॉस्टचे भाग आतून कुजत जातात.

प्रत्येक दिवसाअखेरचे धुणे

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. यंत्र पाण्याबाहेर काढल्यावर आतील वाटांमध्ये जे पाणी शिल्लक राहते, ते गरम इंजिनाच्या उष्णतेने आटते आणि क्षार तेथेच चिकटून राहतात. एका दिवसाने फारसे बिघडत नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी थर बसतो, वाट अरुंद होते, पाणी कमी फिरते, इंजिन थोडे अधिक तापते आणि अधिक तापल्यामुळे पुढचा थर अधिक लवकर बसतो. हंगामाच्या अखेरीस इंजिन तापल्याचा इशारा वाजू लागतो, तेव्हा मालक सेन्सर बदलण्याच्या मागे लागतो, परंतु मूळ कारण बहुधा या साचलेल्या थरात असते. म्हणून संपूर्ण देखभालीतून एकच काम करायला सवड असेल, तर ते दररोज शेवटची फेरी संपल्यावर गोड्या पाण्याने आतून धुण्याचे करावे.

यासाठी यंत्राच्या मागच्या बाजूला किंवा सीटखाली नळी जोडण्याची जागा दिलेली असते. धुण्याचा क्रम ठरलेला आहे आणि त्यात चूक झाली तर लाखभर रुपयांचे नुकसान होऊ शकते. नळी जोडावी, पण नळ सोडू नये. आधी इंजिन सुरू करावे, लगेच पाणी सोडावे. संपवताना आधी पाणी बंद करावे, मग काही सेकंदांत इंजिन बंद करावे. हा क्रम पाठ करण्यापेक्षा त्यामागचे कारण ध्यानात ठेवलेले बरे. थंड करणारे पाणी शेवटी एक्झॉस्टच्या वाटेनेच बाहेर पडते आणि त्याला बाहेर ढकलण्याचे काम इंजिनातून निघणारा धूर करतो. इंजिन बंद असताना नळ सुरू राहिला, तर पाणी एक्झॉस्टमध्ये साचत जाते, पातळी वाढते आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून ते थेट सिलिंडरमध्ये उतरते. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला, तर पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

किती वेळ धुवायचे, हे यंत्रानुसार बदलते. थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या यामाहाच्या यंत्रांसाठी संथ वेगावर सुमारे तीन मिनिटे पुरतात, परंतु पाणी न सोडता ते इंजिन पंधरा सेकंदांहून अधिक चालवू नये. सी-डूच्या यंत्रात शाफ्ट, म्हणजे इंपेलर फिरवणारा दांडा, जेथे तळातून बाहेर पडतो, तेथे कार्बनची सील असते आणि ती यंत्र पाण्यात तरंगत असतानाच थंड राहते. नळीचे पाणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे ते यंत्र जमिनीवर दोन मिनिटांहून अधिक चालवणे योग्य नाही. इतरांच्या यंत्राबद्दल ऐकलेले आपल्या यंत्राला लावू नये, आपल्या मॉडेलची पुस्तिका पाहावी. पाणी बंद केल्यानंतर थ्रॉटल दोन-तीनदा हलकेच दाबून सोडले की एक्झॉस्टमध्ये उरलेले पाणीही बाहेर फेकले जाते.

आतून धुणे झाले की यंत्राची मागची बाजू किंचित उतरती ठेवून तळाचे दोन्ही निचरा बूच काढावेत. आत साचलेले पाणी किती निघते आणि त्याचा रंग कसा आहे, याकडे रोज लक्ष द्यावे. पेलाभर स्वच्छ पाणी निघणे स्वाभाविक आहे, बादलीभर निघत असेल तर एखादी नळी किंवा सील सैल झाली आहे, आणि त्यावर तेलाचा तवंग असेल तर शोध इंजिनाकडे वळवावा. सीटखालच्या भागावर पाण्याचा जोराचा फवारा मारणे टाळावे, कारण तेथे विजेच्या जोडण्या असतात. हलक्या हाताने गोडे पाणी ओतून ते बुचांतून वाहू द्यावे, कोरडे होऊ द्यावे आणि मग इंजिनाच्या धातूच्या भागांवर गंजरोधक फवारा द्यावा. बूच पुन्हा घट्ट लावणे हे दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरण्यापूर्वीचे पहिले काम समजावे. बूच न लावता उतरवलेले यंत्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर जड होऊ लागते.

वाळू, दोऱ्या आणि पंप

आपल्या किनाऱ्यावर यंत्राची सर्वाधिक झीज पंपात होते आणि तिचे कारण समुद्रापेक्षा पुळण आहे. इंपेलरची पाती आणि तिच्याभोवतीचे कडे यांमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट असते. ही फट जितकी कमी तितके पाणी मागे अचूक ढकलले जाते. गुडघाभर पाण्यात इंजिन सुरू केले की तळाची जाळी वाळू, शंखशिंपल्यांचे तुकडे आणि बारीक खडी ओढून घेते आणि ती सगळी या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीतून घासत जाते. फट वाढली की पाणी पात्यांच्या कडेने मागे सुटते, इंजिनाचा आवाज चढतो पण यंत्र त्या मानाने पुढे सरकत नाही, आणि जागेवरून निघताना त्याचा जोर कमी वाटतो. तसे झाले की पेट्रोलही अधिक लागते, आणि मालकाला वाटते की इंजिन कमजोर झाले.

पात्यांजवळ दाब एकदम घटला तर तेथील पाण्याची वाफ होऊन बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना धातूवर बारीक खड्डे पाडतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. पात्याची कड वाकलेली असेल, तिला खाच पडली असेल किंवा जाळीत काही अडकले असेल, तर हा प्रकार लवकर सुरू होतो. खाचा लहान असताना इंपेलर काढून दुरुस्त करता येतो. सी-डूमध्ये त्याच्याभोवतीचे कडे प्लॅस्टिकचे असते आणि ते ठरावीक काळाने बदलण्यासाठीच बनवलेले असते. ते वेळेत बदलणे इंपेलर बदलण्याच्या मानाने फार स्वस्त पडते.

पर्यटकांना फेऱ्या मारून आणणाऱ्या यंत्रांची अडचण अशी की दर काही मिनिटांनी प्रवासी बदलण्यासाठी ती काठावर येतात आणि तेथूनच पुन्हा निघतात. शेकडो वेळा वाळूवर सुरू-बंद होणारे यंत्र जितके झिजते, तितके दिवसभर खोल पाण्यात चालणारे झिजत नाही. यावरचा उपाय कष्टाचा आहे, पण दुसरा नाही: कमरेच्या वर, म्हणजे ९० सेंटिमीटरच्या आसपास खोली असेल तेथेच इंजिन सुरू करावे, काठाजवळ येताना ते आधीच बंद करावे आणि उरलेले अंतर माणसांनी ढकलून न्यावे. ओहोटीच्या वेळी उतार सौम्य असलेल्या किनाऱ्यांवर ही खोली बरीच दूर मिळते, तेव्हा फेऱ्यांची वेळ भरतीशी जुळवून घेणारे व्यावसायिक आपल्या पंपाचे आयुष्य नक्कीच वाढवतात.

दुसरा त्रास तरंगत्या वस्तूंचा. जाळ्यांचे तुटलेले तुकडे, नायलॉनच्या दोऱ्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या जाळीतून ओढल्या जातात आणि शाफ्टभोवती गुंडाळल्या जातात. असे झाल्याची शंका येताच इंजिन बंद करून मनगटाला बांधलेली सुरक्षा दोरी स्विचमधून काढून घ्यावी आणि मगच जाळीखाली हात घालावा. ही सुरक्षा दोरी स्विचमध्येच असताना कोणाचा चुकून स्टार्टरला हात लागला, तर बोटे वाचत नाहीत. दोरा काढल्यावरही शाफ्टच्या सीलजवळ त्याचे वेटोळे उरले नाही ना, हे पाहावे, कारण तेथे राहिलेला नायलॉन उष्णतेने वितळून सील खराब करतो.

पंपाच्या आसपास तपासण्याजोगी आणखी एक वस्तू आहे, जिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही: बळी देण्यासाठी बसवलेला धातूचा तुकडा, ज्याला अ‍ॅनोड म्हणतात. पंपाचे आवरण अ‍ॅल्युमिनियमचे आणि बोल्ट व इंपेलर स्टेनलेस पोलादाचे असतात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात बुडाले की त्यांच्यामध्ये अगदी अल्प विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यांतील अधिक सक्रिय धातू, येथे अ‍ॅल्युमिनियम, झिजू लागतो. जस्तासारखा त्याहूनही सक्रिय धातू जोडला तर झीज त्याच्यावर जाते आणि आवरण वाचते. ज्या मॉडेलमध्ये हा तुकडा दिलेला आहे, तेथे तो निम्मा झिजला की बदलावा. त्याच्यावर रंग मारू नये, रंगाखाली तो निरुपयोगी होतो. बोल्ट पुन्हा बसवताना त्यांच्या आट्यांना सागरी ग्रीस लावावे, अन्यथा पुढच्या वेळी ते निघण्याऐवजी तुटतात.

तासांचा हिशेब

मोटारीच्या देखभालीला किलोमीटर लागतात, जेट स्कीच्या देखभालीला तास. डॅशबोर्डवर इंजिन एकूण किती तास चालले हे दिसते आणि बहुतेक चारस्ट्रोक यंत्रांत दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, तेल व फिल्टर बदलण्याची सूचना असते. नव्या यंत्राची पहिली तपासणी त्याहून बरीच आधी करावी लागते. घरगुती हौसेसाठी घेतलेले यंत्र वर्षात ३० तासही चालत नाही, म्हणून त्याचा मालक वर्षाचा नियम पाळतो. मात्र रोज चार तास आणि महिन्यात पंचवीस दिवस चालणाऱ्या व्यावसायिक यंत्राचे १०० तास एका महिन्यातच भरतात. अशा यंत्राला संपूर्ण हंगामात एकदाच तेल घालणे म्हणजे सात-आठ वेळा करायचे काम एकदाच करणे होय. किनाऱ्यावरील व्यवसायात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे, कारण ही इंजिने मिनिटाला सात-आठ हजार फेऱ्यांपर्यंत चढतात आणि इतक्या वेगावर जुने, पातळ झालेले तेल बेअरिंगचे संरक्षण करू शकत नाही.

तेल बदलण्यासाठी येथे मोटारीप्रमाणे खालून बूच काढता येत नाही, कारण इंजिनाखाली यंत्राचा तळ असतो. तेलाची पातळी मोजण्याच्या पट्टीच्या नळीतून बारीक पाइप घालून पंपाने तेल ओढून घ्यावे लागते. इंजिन थोडे गरम असताना ते सहज निघते. तेल कोणते घालायचे, याबाबत पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे सागरी तेल वापरावे. मोटारीचे तेल स्वस्त असले तरी त्यात खाऱ्या दमट हवेतील गंज रोखणारे घटक पुरेसे असतीलच असे नाही. पट्टीवरील तेल दुधाळ, चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजून इंजिन सुरू करू नये आणि पाणी कोठून आले हे शोधल्याशिवाय नुसते तेल बदलून समाधान मानू नये.

यंत्र उलटणे हे अशा पाण्याचे नेहमीचे कारण आहे. मागच्या बाजूला एक स्टिकर असतो, त्यावर उलटलेले यंत्र कोणत्या दिशेने फिरवून सरळ करायचे, हे बाणाने दाखवलेले असते. विरुद्ध दिशेने फिरवल्यास एक्झॉस्टमधील पाणी इंजिनात जाते. हा स्टिकर उन्हाने फिका पडला असेल तर तो नवा लावून घ्यावा; व्यावसायिक यंत्रावर तर तो ठळक हवाच.

स्पार्क प्लग, एअर फिल्टर, स्टीअरिंग व रिव्हर्सच्या केबल, हँडलची बिजागरी यांची देखभाल पुस्तिकेतील तक्त्याप्रमाणे करावी. त्यात अवघड काही नाही. यामाहाच्या अनेक यंत्रांत शाफ्टच्या मधल्या बेअरिंगला ग्रीस भरण्याची सोय असते आणि ती दृष्टीआड असल्यामुळे विसरली जाते. इंजिनाला सुपरचार्जर, म्हणजे आत जास्त हवा दाबून भरणारा पंखा, असेल, तर त्याची तपासणी कंपनीने सांगितलेल्या तासांनाच करून घ्यावी. तो तुटला तर त्याचे तुकडे इंजिनात जातात. आणि दररोज इंजिन सुरू करण्यापूर्वी सीट उघडून काही मिनिटे थांबावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि बंद जागेत पहिल्या ठिणगीला पेटते.

पावसाळ्याची साठवण

सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैत हवा आठवडेच्या आठवडे ओलसर राहते. अशा हवेत मीठ स्वतःच पाणी ओढून घेते. धातूवर राहिलेला मिठाचा कण त्यामुळे सतत ओला राहतो आणि यंत्र समुद्रात नसतानाही गंजत राहते. म्हणून शेवटच्या फेरीनंतरचे धुणे नेहमीपेक्षा अधिक काळजीने करावे, नुसत्या गोड्या पाण्याऐवजी मीठ विरघळवणारे तयार द्रावण मिळाल्यास ते वापरावे आणि त्यानंतर दोन-तीन दिवस सीट उघडी ठेवून, बूच काढून, मेच्या कडक उन्हाळ्यात सावलीत वारा लागेल असे यंत्र सुकू द्यावे. साठवणीचे काम पाऊस सुरू झाल्यावर हाती घेतले, तर यंत्र ओलेच बंद होते. रोहिणी नक्षत्राच्या सुरुवातीपर्यंत, मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, ते आटोपलेले असावे.

तेल साठवणीपूर्वी बदलावे, साठवणीनंतर नव्हे. वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेले आम्ल आणि ओलावा असतो. ते तीन महिने बेअरिंगवर बसून राहिले तर पृष्ठभाग खाते. नवे तेल घातल्यावर पाणी जोडून इंजिन थोडा वेळ चालवावे, म्हणजे ते सर्वत्र पसरते. त्यानंतर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये साठवणीचे फवारा तेल सोडावे आणि इंजिन पेटू न देता फिरवावे. हे कसे करायचे याची पद्धत प्रत्येक यंत्राला वेगळी असते. काहींत थ्रॉटल पूर्ण दाबून धरला की इंधन बंद राहते व स्टार्टर नुसता इंजिन फिरवतो. हे करताना आसपास पेट्रोलची वाफ नाही याची खात्री करावी.

पेट्रोलचा प्रश्न अलीकडे अधिक कठीण झाला आहे आणि त्याबद्दल सविस्तर बोलणे आवश्यक आहे. २०२५ पासून देशभरातील पंपांवर मिळणारे साधे पेट्रोल बहुतांशी २० टक्के इथेनॉल मिसळलेले, म्हणजे ई२० असते. जेट स्कीच्या प्रमुख कंपन्यांच्या पुस्तिका सहसा १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलला परवानगी देतात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. टाकीला हवा आत-बाहेर जाण्याची सोय असल्याने दिवसा तापून आणि रात्री निवून ती दमट हवा आत घेत राहते. शोषलेले पाणी एका मर्यादेपर्यंत पेट्रोलमध्ये विरघळून राहते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी उतरते आणि वर कमी ऑक्टेनचे पेट्रोल उरते. इंधन ओढणारी नळी नेमकी तळाशी असते, म्हणून सप्टेंबरमध्ये स्टार्टर मारल्यावर इंजिनात सर्वांत आधी जाते ते हे पाणी-इथेनॉलचे मिश्रण, जे इंधन फवारणारे इंजेक्टर आणि इंधनाचा पंप गंजवते.

यावर तीन गोष्टी करता येतात. इथेनॉल नसलेले पेट्रोल मिळत असेल, तर हंगामाची शेवटची टाकी त्याचीच भरावी, महाग पडले तरी. ते मिळत नसेल, तर टाकी, जी अनेक यंत्रांत ६० ते ७० लिटरची असते, कंपनीने सांगितलेल्या पातळीपर्यंत भरून ठेवावी, म्हणजे ओली हवा शिरायला जागा कमी राहते, आणि त्यात इंधन टिकवणारे रसायन आधीच मिसळून शेवटच्या फेरीत इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवावे, जेणेकरून ते इंजेक्टरपर्यंत पोहोचेल. हे रसायन पेट्रोल शिळे होण्याचा वेग कमी करते, पण एकदा पाणी खाली बसले की ते त्याला पुन्हा मिसळू शकत नाही. तिसरी गोष्ट हंगाम सुरू करतानाची: टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून काही वेळ स्थिर ठेवावे. दोन थर दिसले किंवा ते गढूळ वाटले, तर सगळी टाकी रिकामी करून नवे पेट्रोल भरावे. काढलेले पेट्रोल खाडीत किंवा शेतात ओतू नये, ते गॅरेजकडे द्यावे.

बॅटरी यंत्रातून काढून घरात आणावी. काढताना ऋण टोक आधी सोडावे, जोडताना ते शेवटी जोडावे. पूर्ण भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर विश्रांतीनंतर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसतात, १२.४ च्या खाली गेली की तिला चार्ज करावे. शिसे-आम्ल बॅटरी पडून असतानाही आपोआप उतरते आणि उष्ण हवेत अधिक वेगाने उतरते. उतरलेल्या अवस्थेत तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक बसतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. महिन्यातून एकदा चार्ज केली, किंवा पातळी राखणाऱ्या चार्जरला जोडून ठेवली, तर ती अनेक हंगाम टिकते. यंत्रातच सोडलेली बॅटरी नारळी पौर्णिमेपर्यंत निकामी झालेली आढळणे ही किनाऱ्यावरची नित्याची गोष्ट आहे आणि ती टाळण्यासारखी आहे.

यंत्र कसे झाकायचे, यातही आपले हवामान लक्षात घ्यावे लागते. निळी किंवा काळी प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधली तर पाऊस बाहेर राहतो, पण आत वाफ साचून सीटवर बुरशी येते आणि जोडण्यांवर हिरवट गंज चढतो. पक्के छप्पर असेल तर हवा खेळू देणारे कापडी आवरण पुरे. छप्पर नसेल तर ताडपत्री यंत्राला टेकू न देता बांबूच्या चौकटीवर मांडवासारखी ताणावी आणि दोन्ही टोके उघडी ठेवावीत. पुढचा भाग किंचित उंच ठेवावा, बूच काढून ठेवावेत, सीट लाकडाच्या ठोकळ्यावर थोडी उचललेली असावी. विजेच्या जोडण्यांना इन्सुलेटिंग ग्रीस लावावे. उंदीर शिरू नयेत म्हणून हवा आत घेण्याच्या व एक्झॉस्टच्या तोंडांना कापडाचे बोळे घालावेत, पण इग्निशनच्या जागी ठळक चिठ्ठी बांधावी, म्हणजे ते काढल्याशिवाय कोणी इंजिन सुरू करणार नाही. कोरडे खाद्य किंवा तेलकट चिंध्या त्याच खोलीत असतील तर मात्र या बोळ्यांचा फार उपयोग होत नाही. उंदीर तारांचे आवरण कुरतडतात आणि ती दुरुस्ती वेळखाऊ असते.

ट्रेलर किंवा समुद्रात उतरवण्याची ट्रॉली विसरू नये. गरम बेअरिंग थंड पाण्यात बुडले की आतील हवा आकसते आणि सीलमधून खारे पाणी ओढले जाते. वर्षातून एकदा बेअरिंग उघडून जुने ग्रीस काढून नवे सागरी ग्रीस भरावे, चाके जमिनीपासून उचलून ठेवावीत.

अमेरिका किंवा कॅनडातील सरोवरांवर जेट स्की बाळगणाऱ्या मराठी वाचकांना येथे वेगळे सांगणे आवश्यक आहे. तेथे पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि इंजिनाच्या किंवा एक्झॉस्टच्या वाटेत अडकलेले पाणी धातूला तडा पाडते. त्यांनी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पाणी पूर्ण बाहेर काढावे किंवा आवश्यक तेथे गोठणरोधक द्रव भरावा. आणि सी-डूसारख्या यंत्रात आधीच असलेल्या कूलंटची तीव्रताही तपासावी. महाराष्ट्रातील जलाशयांवर चालणाऱ्या यंत्रांना मीठ नसते, परंतु जलपर्णी आणि गाळ पंपात जातो, म्हणून त्यांनाही धुणे टळत नाही.

हंगाम पुन्हा सुरू करताना

पहिल्या फेरीआधी बोळे काढावेत, तेलाची पातळी व रंग पाहावा, पेट्रोलची बाटलीतली परीक्षा करावी, बॅटरी मोजून जोडावी, प्लगच्या जागी राहिलेले साठवणीचे तेल थोडा वेळ धूर करील हे लक्षात ठेवावे. सुरक्षा दोरी ओढल्यावर इंजिन ताबडतोब बंद होते का, हे जमिनीवरच पाहावे. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मागचे तोंड तितकेच वळते का आणि रिव्हर्सचे झाकण मोकळेपणाने वर-खाली होते का, तेही तपासावे. जाळीतून टॉर्चने आत पाहावे. पावसाळ्यात तेथे गांधीलमाशीचे घर किंवा मातीचे थर आढळतात.

पाण्यात उतरल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे किनाऱ्याच्या नजरेत, मध्यम वेगाने फिरावे आणि पाणी फिरत असल्याचे दाखवणारे छिद्र असेल, तर त्यातून सलग धार येते का ते पाहावे. मग परत येऊन, इंजिन बंद करून सीट उचलावी. आत नव्याने पाणी आले असेल, तर पहिल्यांदा नळ्यांचे क्लॅम्प पाहावेत, नंतर शाफ्टची सील आणि शेवटी यंत्रातील पाणी उपसणाऱ्या नळ्या, ज्या तीन महिन्यांच्या पडून राहण्याने कडक होऊन चिरलेल्या असतात. चिरलेली नळी त्याच दिवशी बदलून घ्यावी, दुसऱ्या फेरीला निघू नये.